सिरील भावोजींच्या उंचीचं हँडल

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाचे गुडघे वाकलेले आहेत. ते दिसत नाहीत, कारण पुढे युनिसच्या पांढऱ्या झग्याचा घेर पसरलेला आहे. पण मी तिथेच उभा होतो, म्हणून मला माहीत आहे. गिरीजच्या चर्चच्या पायऱ्यांवर फोटोग्राफर म्हणाला, "नवरदेव, थोडे खाली या, नवरी फारच ठेंगणी दिसतेय," आणि सिरील डाबरे, उंची सहा फूट दोन इंच, अख्खा रोल संपेपर्यंत गुडघ्यात वाकून उभे राहिले. चेहऱ्यावरचं हसू तसंच. आमची युनिस जेमतेम चार फूट अकरा.

भावोजींचं पुढचं आयुष्यही असंच थोडं थोडं वाकण्यात गेलं. ठाण्याच्या कारखान्यात फिटर होते, तिथलं टेबल त्यांच्या मांडीला लागायचं. शहाण्णव साली कॅनडात आले आणि मिसिसागात एका बेसमेंटमधे राहिले. तिथे छताखालून हीटिंगचा मोठा डक्ट गेला होता, त्याच्याखाली मान आपोआप झुकायची. ते बेसमेंट सोडून नव्या घरी गेल्यावरही वर्षभर स्वयंपाकघरातून हॉलमधे येताना ते मान खाली घालत, असं युनिस सांगते. मग केंब्रिजच्या मोटारींच्या प्लांटमधे लाइनवर लागले. लाइनची उंची मध्यम माणसाच्या मापाने ठरलेली असते. तेरा-चौदा वर्षं ते पुढे झुकून गाड्यांच्या दारांत वायरी बसवत राहिले आणि २०१४ च्या हिवाळ्यात एक दिवस पाठीने साफ नकार दिला.

तीन महिने घरी बसले. परत कामावर गेले तेव्हा प्लांटने त्यांना हलकं काम दिलं, आणि एक तरुण मुलगी मोजपट्टी घेऊन आली. तिने टाचेपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांचं टेबल चार इंचांनी वर चढलं. त्या दिवशी घरी येऊन ते युनिसला म्हणाले, "सगळ्या नोकऱ्यांमधे मला आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, की तुझा हात कुठे येतो."

त्याच प्लांटमधे वेन नावाचा एक गोरा मनुष्य होता. भावोजींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा. हॅलिबर्टनच्या पुढे एका लहान तळ्याकाठी त्याचं कॉटेज होतं. त्याच्याकडे दोन स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या गाड्या, होत्या, त्यातली जुनी, दोघांच्या सीटची, त्याला काढून टाकायची होती. फिजिओथेरपिस्टने भावोजींना सांगितलं होतं, हिवाळ्यात घरात बसून राहू नका, बाहेर पडा, रोज चाला. भावोजींनी स्नोमोबाईल घेतली.

"चोपन्न वर्षांचा झालास," युनिस म्हणाली. "तुला चालायला सांगितलंय डॉक्टरने."

"फिजिओने," भावोजी म्हणाले. "आणि बाहेर पड, असंही सांगितलंय."

कॅरल, माझी भाची, तेव्हा व्हँकुव्हरला नोकरी करत होती. तिला फोनवर कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डॅड, डू यू इव्हन लाइक स्नो?" वीस वर्षं ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसणाऱ्या माणसाला हा प्रश्न रास्त होता. भावोजी म्हणाले, "आता बघतो."

स्नोमोबाईल वेनच्या शेडमधेच राहायची. शनिवारी पहाटे नवराबायको केंब्रिजहून निघायचे, साडेतीन तासांत तिथे. वेनची बायको फियोना मोठ्या मनाची बाई, तिने वरची खोली त्यांना देऊनच टाकली. ती आणि युनिस आत चहा पीत, आणि हे दोघे जंगलातल्या ट्रेलवर.

पण पहिल्या दोन फेऱ्यांतच घोळ लक्षात आला. ट्रेलवर बर्फाचे उंचवटे असतात. तिथे जाणता माणूस सीटवरून उठतो, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर पाय रोवून उभा राहतो आणि धक्का गुडघ्यांवर घेतो. भावोजींना उभं राहता येईना. म्हणजे उभे राहत, पण हँडल इतकं खाली की कंबरेत काटकोन व्हायचा. बसावं, तर प्रत्येक धक्का थेट मणक्यात. दुसऱ्या रविवारी घरी आल्यावर त्यांना स्वतःचे मोजे घालता येईनात. युनिसने पलंगाशी बसून त्यांच्या पायांत मोजे चढवले आणि म्हणाली, "विकून टाक."

"मशीन चांगलं आहे," भावोजी पडल्या पडल्या म्हणाले. "हँडल खाली आहे फक्त."

मग ते त्याच्या मागे लागले. मी मिसिसागाला एअरपोर्टजवळ एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे. दुपारी जेवायला बसलो की त्यांचा फोन. "फ्रँकलिन, रायझर म्हणून एक वस्तू मिळते." ती काय, तर ॲल्युमिनियमचा ठोकळा. स्टीअरिंगचा दांडा आणि हँडल यांच्यामधे बसवायचा, की हँडल तेवढं वर येतं. दोन इंची, तीन इंची, असं करत सहापर्यंत मिळतात. "मी सहाचा मागवलाय," भावोजी म्हणाले. आवाजात एवढा आनंद, की सहा इंच कशाला, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं.

जानेवारी २०१६ मधल्या एका शनिवारी त्यांनी तो वेनच्या अंगणात बसवला. वेन कॉफीचा मग घेऊन शेजारी उभा होता.

"ब्रेकची नळी पुरतेय?" त्याने विचारलं.

"पुरतेय."

"थ्रॉटलची केबल?"

"पुरतेय, पुरतेय." आणि खरंच पुरत होती, हँडल सरळ होतं तोवर.

भावोजी फळ्यांवर ताठ उभे राहिले. खिडकीतून युनिस आणि फियोना बघत होत्या. त्यांनी मशीन सुरू केलं, हळूच पुढे घेतलं, आणि वळण्यासाठी हँडल डावीकडे फिरवलं. त्याबरोबर आखूड पडलेली केबल ताणली गेली, आणि थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवायच्या कळीवरचा अंगठा उचललेला असतानाही इंजिन आपोआप गरजलं. मशीनने उडी मारली. भावोजींनी हँडल अजून डावीकडे ओढलं, तशी केबल अजून ताणली. अंगणाच्या कडेला वेनने वर्षभराची लाकडं रचून ठेवली होती, त्यांच्यावर मशीन निम्मं चढलं आणि भावोजी मागच्या मागे बर्फात पडले. मनगटाला बांधलेली सुरक्षेची दोरी मशीनमधून निसटली म्हणून इंजिन बंद पडलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

युनिस मोज्यांवरच बाहेर धावली. भावोजी बर्फात पाठीवर पडून आभाळाकडे बघत होते.

"लागलं?"

"नाही," ते म्हणाले. "पण उभं राहायला छान वाटत होतं."

वेन शांतपणे आला. सांडलेल्या लाकडांकडे त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "रचली वाकडीच होती." मग मशीन खाली घेतल्यावर त्याने हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं आणि ताठ झालेल्या केबलवर बोट ठेवलं. "सरळ हँडलवर मोजायची नसते, सिरील. वळवून मोजायची." थोड्या वेळाने आणखी म्हणाला, "आणि सहा? घोडा आहेस तू?"

या प्रकारानंतर दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. भावोजींनी मशीन ट्रेलरवर घालून केंब्रिजला आणलं आणि गॅरेजमधे उभं केलं. संध्याकाळी शिफ्ट सुटली की तिथेच. आधी स्वतःचं माप घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी युनिस लागली. ते मोजे घालून फळ्यांवर उभे राहिले, गुडघे किंचित सैल, हात पुढे. युनिस स्टुलावर चढून मोजपट्टी धरून.

"बूट घाल आधी," ती म्हणाली.

"का?"

"तू काय मोज्यांवर चालवणार आहेस? तुझ्या त्या बुटांचा तळ बघितलास का, चांगला दीड इंच आहे."

भावोजी खाली उतरले आणि निमूट बूट घालून आले. माप बदललं. शेवटी साडेतीन इंचांचा ठोकळा ठरला. त्याच्याबरोबर लांब केबल मागवली, ब्रेकची लांब नळी मागवली, ग्रिप गरम करणाऱ्या वायरींना जोड दिला. हँडल थोडं मागे कलवलं, म्हणजे खांदे पुढे ओढले जाणार नाहीत. ब्रेकच्या नळीत हवा राहू नये म्हणून सगळं तेल काढून पुन्हा भरलं, त्या वेळी युनिस लिव्हर दाबून धरायची आणि भावोजी खालून ओरडायचे, "सोड. दाब. सोड." सगळं झाल्यावर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, आणि प्रत्येक वेळी युनिसने टॉर्च धरून केबलकडे पाहिलं. विसाव्या वेळी ती म्हणाली, "कुठेच ताणत नाही. जा आता."

फेब्रुवारीत त्यांचा मला फोन आला. ट्रेलवरूनच, कुठेतरी टेकडीवर सिग्नल मिळाला होता. मागे वारा. "फ्रँकलिन," ते म्हणाले, "बावीस किलोमीटर आलो. उभा राहून आलो. ताठ." मी "वा भावोजी" म्हणालो. नुसता वारा ऐकू येत होता, आणि मग ते म्हणाले, "बरं, ठेवतो."

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. पाठ सुधारली. युनिसही मागच्या सीटवर बसून जायला लागली, आणि ट्रेल क्लबची माणसं त्यांना नावाने ओळखू लागली: द टॉल गाय अँड द लिटल लेडी. युनिसला मागून भावोजींच्या पाठीशिवाय फारसं दिसत नसणार. पण ती कधी काही बोलली नाही, आणि आम्हीही कोणी विचारलं नाही. मी तर तिचा सख्खा भाऊ.

फेब्रुवारी २०१८. शनिवारची दुपार, ऊन, उणे अकरा. दोघं कॉटेजपासून चौदा किलोमीटरवर होते. समोरून क्लबचं बर्फ सपाट करणारं मोठं यंत्र आलं, त्याला वाट द्यायला भावोजींनी मशीन कडेला घेतलं आणि मागचा भाग भुसभुशीत बर्फात रुतला. यंत्रवाल्याने थांबून विचारलं, मदत हवी का? भावोजींनी हात हलवून सांगितलं, जा जा, काही नाही. यंत्र निघून गेलं. मग भावोजींनी मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून मशीन उचललं आणि ट्रेलवर आणलंही. पण मग ते तसेच राहिले. कंबरेत वाकलेले, हात बंपरवर.

"सिरील?"

"पाठ," ते म्हणाले.

युनिसने त्यांना सरळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा ते असे ओरडले की तिने हात सोडला. फोनला सिग्नल नव्हता. अर्धा तास वाट पाहिली, कोणी आलं नाही. ऊन उतरायला लागलं, आणि भावोजींचे ओठ पांढरे पडायला लागले.

"मी चालवते," युनिस म्हणाली.

"तुला येत नाही."

"माझ्याकडे लायसन्स आहे. आणि दोन वर्षं मागे बसून मी काय झोपा काढल्या? अंगठ्याने थ्रॉटल, डाव्या हाताने ब्रेक. वळताना वळणाच्या बाजूला कलायचं. बस मागे."

त्यांना मागच्या सीटवर चढवायलाच दहा मिनिटं लागली. मग ती पुढे बसली आणि तिला कळलं, की भावोजींच्या मापाचं हँडल म्हणजे काय. तिचे दोन्ही हात हनुवटीच्या पातळीला. एक बाजू वळवावी तर दुसरा हात सुटतो. उंच कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढावा, तसं, तिने मला नंतर सांगितलं. पन्नास फूट गेली, आणि मशीन ट्रेलच्या कडेकडे जायला लागलं तशी तिने ब्रेक दाबला.

"नाही जमणार," मागून भावोजी.

ती उठून उभी राहिली. फळ्यांवर पाय रोवले, तर हँडल छातीशी आलं. उंचच, पण हाताखाली. तिने मागे वळून सांगितलं, "हेल्मेटमधे काही ऐकू येणार नाही. मी जोरात जात असेन तर माझ्या पाठीवर एक थाप मार. फार हळू वाटलं तर दोन."

चौदा किलोमीटर ती उभी राहून आली. पहिले चार-पाच किलोमीटर माणूस चालेल त्यापेक्षा जेमतेम जास्त वेगाने. भावोजी मागचे दोन दांडे पकडून दात आवळून बसलेले. एका उतारावर थाप बसेल म्हणून तिने पाठ आवळून धरली, पण थाप पडली नाही. मग एका लांबलचक सरळ पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि समोर कोणी नाही, तिथे पाठीवर दोन थापा पडल्या. "तेव्हा मला रडू आलं," युनिसने मला सांगितलं, "आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली, म्हणून मी रडणं थांबवलं."

कॉटेजच्या अंगणात ती शिरली तेव्हा वेन बाहेर लाकडं फोडत होता. त्याला लांबून उभा असलेला एक लहानखुरा माणूस दिसला आणि मागे भावोजींचं लाल जॅकेट. हेल्मेट निघालं, आतून युनिसचे विस्कटलेले करडे केस निघाले, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. फियोना दारातून ओरडली, "वेन, उभा काय राहिलायस, त्याला धर!"

हॉस्पिटलात सांगितलं, स्नायू आखडलेत, मणका ठीक आहे, दोन-तीन आठवडे जातील. भावोजी घरी पलंगावर पडून राहिले. पाठ दुखत होती, पण मनात दुसरंच काही घोळत होतं. चौथ्या दिवशी युनिस सूप घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला चालवायचं होतं का?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

युनिसने सूप टेबलावर ठेवलं. "तू ते हँडल वर केलंस तेव्हा मी स्टुलावर उभी होते, सिरील. माप घेत होते. तुझं. तुला एकदाही वाटलं नाही, की हिला विचारावं? आणि तू इतका खुश होतास, की मलाही म्हणवेना."

भावोजींनी माफी मागितली नाही. म्हणजे शब्दांनी नाही. पण मला त्याच संध्याकाळी फोन आला, आणि त्यांचा आवाज जड होता. "फ्रँकलिन, मी वाईट माणूस आहे का रे?" मी म्हणालो, "नाही भावोजी, उंच आहात फक्त." ते हसले, आणि हसल्यामुळे पाठीत कळ आली, म्हणून मलाच शिव्या बसल्या.

एप्रिलमधे मशीन पुन्हा गॅरेजमधे. या वेळी फळ्यांवर बूट घालून युनिस उभी होती, आणि खाली स्टुलावर बसून भावोजी मोजत होते. बसून, उभं राहून, एक गुडघा सीटवर टेकून, अशी तिन्ही मापं घेतली. भावोजींना असा रायझर सापडला होता, की जो सांध्यातून वाकतो. एक कळ दाबली की हँडल खाली आणि जवळ येतं, पुन्हा दाबली की वर. पण त्याचं गणित सोपं नव्हतं. वरच्या मापासाठी लांब केलेली केबल खाली आणली की सैल पडून बाहेर लोंबायची आणि वळताना अडकायची. भावोजींनी ती तीन वेगवेगळ्या वाटांनी फिरवून पाहिली. जूनपर्यंत चाललं. बाहेर लोक लॉन कापत होते आणि आमचे भावोजी गॅरेजमधे युनिसला हिवाळ्याचं जाड जॅकेट घालून मशीनवर उभं करत होते, कारण जॅकेटमधे हात कमी पोचतो, हे तिनेच सांगितलं होतं. घामाने ती निथळत होती. "अजून एकदा डावीकडे," ते म्हणत, "पूर्ण." आणि ती फिरवायची.

त्या डिसेंबरात पहिला बर्फ टिकला आणि त्यांच्यात करार झाला: जाताना तो, येताना ती. करार आठवडाभर टिकला. मग युनिस जातानाही चालवायला लागली.

मी २०१९ च्या जानेवारीत त्यांच्याबरोबर कॉटेजला गेलो. रविवारी सकाळी उठलो तर अंगणात दोन मशीन सुरू. एकावर फियोना, दुसऱ्यावर माझी बहीण. त्या दोघी पुढच्या गावात जेवायला निघाल्या होत्या, तीस किलोमीटरवर, आणि आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. युनिसने कळ दाबून हँडल आपल्या उंचीला आणलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघितलं, मला हात केला आणि गेली.

भावोजी, वेन आणि मी पायरीवर उभे राहिलो. मशीन झाडांआड दिसेनाशी झाली, नुसता आवाज उरला.

"आता ओढा येईल," भावोजी म्हणाले. "तिथे उंचवटे आहेत. ती उठेल, ऐका."

लांबून आवाज थोडा खाली आला, मग पुन्हा चढला.

"उठली," भावोजी म्हणाले.

वेनने मान डोलावली. आवाज पूर्ण विरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, मग भावोजी म्हणाले की चला, भात टाकू, आणि आम्ही आत गेलो.